बुश झिजावा की शाफ्ट?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ५३. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत सत्तावीस वर्षं क्वालिटीचं काम. कोविडमध्ये बरीच स्टिरॉइडं घ्यावी लागली. पुढं दोनेक वर्षांनी उजवा खुबा दुखायला लागला. बॉलचा रक्तपुरवठा बंद पडून तो चेपलाय, म्हणजे ए.व्ही.एन., आणि आता सांधा बदलावा लागेल, असं दोन डॉक्टरांनी सांगितलं. हातात तीन कोटेशनं आहेत: धातूचा गोळा आणि पॉलिथिलीनची वाटी, सिरॅमिकचा गोळा आणि पॉलिथिलीनची वाटी, आणि गोळा-वाटी दोन्ही सिरॅमिक. बंगळुरूचा मुलगा म्हणतो, सगळ्यांत महाग तेच घ्या. मेव्हणा म्हणतो, काहीही घ्या पण सांधा हाडात बसवायला सिमेंट नको. पत्नी म्हणते, थांबू, पुढं याहून चांगलं येईल. यांचं स्वतःचं मत असं की जेवढं कडक तेवढं टिकाऊ, आणि प्लॅस्टिक काही जन्मभर टिकणार नाही. प्रश्न एकच: मरेपर्यंत टिकेल असा सांधा कोणता? आणि जाता जाता: मांडी घालता येईल का, जोतिबाला चढता येईल का?

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एकदा खुब्यासाठी, आणि एकदा 'प्लॅस्टिक' या शब्दाखाली तुम्ही ओढलेल्या दोन रेघांसाठी. आधीच सांगून टाकते, मी डॉक्टर नाही. पॉलिटेक्निकला मटेरियल सायन्स शिकवण्यात माझी नोकरी गेली. शिवाय माझ्या डाव्या खुब्यात नऊ वर्षं सिरॅमिकचा गोळा पॉलिथिलीनच्या वाटीत फिरतोय, तेव्हा मला तटस्थ समजू नका.

आता मला सांगा, ऑइल इंजिनाचा क्रँकशाफ्ट कशावर फिरतो? कोल्हापूरच्या माणसाला हे विचारायचं म्हणजे गवळ्याला दूध कसं काढतात ते विचारण्यासारखं आहे, तरी विचारते. शाफ्ट कडक, आणि त्याखाली व्हाइट मेटलचं बेअरिंग, म्हणजे बुश, चाकूनं सोलता येईल इतकं मऊ. उद्या एखादा मालक म्हणाला की शाफ्ट एवढा कडक आहे तर बेअरिंगही तेवढंच कडक लावा, तर तुम्ही त्याला चहा पाजून परत पाठवाल. बेअरिंग मुद्दाम मऊ ठेवतात. तेलातून कचरा आला तर ते पोटात घेतं, झिजायची वेळ आली तर ते झिजतं, आणि ते बदलता येतं. जे गणित तुम्ही कारखान्यात रोज मांडता, ते खुब्यापाशी आल्यावर उलटं का केलंत?

त्या प्लॅस्टिकची गोष्ट आपल्या भागाला जवळची आहे. इंग्लंडमध्ये लँकेशायर भागात राइटिंग्टनच्या इस्पितळात जॉन चार्न्ली नावाचा सर्जन होता. १९५० च्या दशकाच्या अखेरीला तो वाटीसाठी टेफ्लॉन वापरायचा. टेफ्लॉन निसरडं, पेशंट खूश, डॉक्टर खूश. काही वर्षांतच वाट्या खोल झिजल्या आणि सांध्याभोवती झिजेच्या भुकटीचा लगदा साचला. सुमारे तीनशे पेशंटांचा प्रश्न होता. दोष भुकटीचा आहे का हे तपासायला त्यानं टेफ्लॉन स्वतःच्या मांडीत घालून घेतलं, आणि तिथं गाठी उठल्या. त्याच सुमाराला एक विक्रेता त्याच्या वर्कशॉपमध्ये वेगळंच प्लॅस्टिक घेऊन आला. मागाच्या गिअरसाठी वापरतात ते, जड रेणूंचं पॉलिथिलीन. चार्न्लीला ते काही पटलं नाही. पण हॅरी क्रेव्हन नावाच्या त्याच्या टेक्निशियननं तो तुकडा झीज मोजायच्या यंत्रावर चढवला आणि यंत्र चालू ठेवलं. टेफ्लॉन एका दिवसात जेवढं झिजायचं, तेवढंही हे तीन आठवड्यांत झिजलं नाही. १९६२ च्या नोव्हेंबरपासून त्या पॉलिथिलीनच्या वाट्या बसू लागल्या. इचलकरंजीच्या माझ्या एका विद्यार्थ्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे बाई, आमच्या मागाचा पार्ट तुमच्या खुब्यात!" जवळजवळ तसंच.

पण तुमची शंका अगदीच चुकीची आहे असंही नाही. ते पॉलिथिलीनसुद्धा झिजायचं, गोळा वर्षाला साधारण ०.१ मिलिमीटर वाटीत आत जायचा. ऐकायला किरकोळ वाटतं. पण चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीनपट भार येतो आणि एका पायाची वर्षाला दहाएक लाख पावलं पडतात. त्यातून मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून, बारीक कण सुटतात, कोट्यवधी. शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी ते गिळतात, पचवू शकत नाहीत, आणि धोक्याचा निरोप पाठवत राहतात. तो निरोप ऐकून हाड खाणाऱ्या पेशी कामाला लागतात, सांध्याभोवतीचं हाड विरघळतं, आणि चांगला बसलेला सांधा सैल होतो.

तुमच्या मेव्हण्यांच्या 'सिमेंट नको'ची मुळं इथंच आहेत. हाडात अशी भोकं दिसायला लागली तेव्हा डॉक्टरांनी आळ सिमेंटवर घेतला, त्याला 'सिमेंटचा आजार' असं नावही पडलं. मग सिमेंटशिवाय बसणारे सांधे आले, आणि भोकं त्यातही दिसली! खरा गुन्हेगार भुकटी होती. सिमेंट आजही उत्तम चालतं, विशेषतः सत्तरीपुढच्या, हाडं ठिसूळ झालेल्या माणसांत. तुमच्या वयाला आणि हाडाला बहुधा सिमेंटशिवायचाच सांधा सुचवतील, पण त्याचं कारण मेव्हणे सांगतात ते नाही.

शरीराला चालणारं द्रव्य म्हणजे काय, याचं उत्तर त्यामुळे सरळ राहिलं नाही. अखंड तुकडा शरीर मुकाट्यानं सांभाळतं. त्याच द्रव्याची भुकटी मात्र त्याला सोसत नाही.

'कडकवर कडक' हा तुमचा विचार याआधी मोठ्या प्रमाणावर करून झालाय. प्लॅस्टिक काढून टाका, कोबाल्ट-क्रोमचा गोळा कोबाल्ट-क्रोमच्याच वाटीत फिरवा. झिजेचं घनफळ पॉलिथिलीनपेक्षा कितीतरी कमी भरलं, प्रयोगशाळेतले आकडे झकास होते. पण सुटणारे कण आणखी बारीक, संख्येनं जास्त, आणि त्यातून कोबाल्ट-क्रोमियमचे आयन रक्तात उतरायचे. काहींच्या खुब्याभोवतीचं मांस मेलं, गाठी झाल्या. ऑगस्ट २०१० मध्ये असा एक गाजलेला सांधा जगभरातून परत मागवावा लागला. भारतातही काही हजार लोकांना तो बसवलेला होता, आणि पुढं सरकारी समिती, भरपाई हे सगळं झालं. तोच कोबाल्ट-क्रोमचा गोळा पॉलिथिलीनच्या वाटीत आजही चांगला चालतो. धातू तोच, जोडीदार बदलला.

आता सिरॅमिक. खुब्यात सिरॅमिकवर सिरॅमिक हे १९७० पासून आहे, फ्रान्समध्ये पिएर बुताँनं सुरू केलं. झीज जवळजवळ नाही, ओरखडा उठत नाही, अंगावर ओलावा धरून ठेवतं, आणि भुकटी सुटलीच तरी शरीर फारशी कटकट करत नाही. मग सगळे तेच का बसवत नाहीत? ठिसूळ ग्रे आयर्न हातून फरशीवर पडलं की काय होतं ते तुम्ही पाहिलंय. आजचं गुलाबीसर सिरॅमिक म्हणजे अॅल्युमिनात झिर्कोनियाचे कण मिसळून चिवट केलेलं. त्याचे गोळे फुटणं फार विरळा झालंय. पण फुटलंच, तर काचेसारख्या बारीक कपच्या सांध्यात रुततात, कितीही धुतलं तरी सगळ्या निघत नाहीत, आणि नंतर धातूचा गोळा बसवला तर त्या कपच्या त्याला पॉलिश पेपरसारख्या खातात. दुसरं म्हणजे आवाज. काहींचा सिरॅमिक-सिरॅमिक खुबा चालताना करकरतो. कापशी पायताण करकरलं तर रस्त्यात लोक वळून कौतुकानं बघतात. खुब्याचं तसं नसतं. तिसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची: ही जोडी कोनाच्या चुकीला माफ करत नाही. वाटी जरा तिरपी बसली की गोळा तिच्या काठावर टेकतो, आणि मग झीज, आवाज, तडा सगळंच वाढतं. पॉलिथिलीन थोडी चूक पोटात घालतं.

तुम्ही क्वालिटीवाले आहात म्हणून एक घटना सांगते. फ्रान्समधल्या एका कंपनीचे झिर्कोनियाचे गोळे वर्षानुवर्षं नावाजलेले होते. १९९८ मध्ये त्यांनी बॅच भट्टी बदलून बोगदा-भट्टी आणली, उत्पादन वाढवायला. द्रव्य तेच, ड्रॉइंग तेच. काही बॅचेसचे गोळे पेशंटांच्या खुब्यात फुटू लागले आणि २००१ मध्ये माल परत मागवावा लागला. कोटेशनवर 'सिरॅमिक' एवढंच लिहिलेलं असेल तर त्याची किंमत 'कास्ट आयर्न' एवढंच लिहिलेल्या टेस्ट सर्टिफिकेटइतकी आहे.

मधल्या काळात पॉलिथिलीनही बदललं, आणि तुमचा राग बहुधा जुन्या पॉलिथिलीनवर आहे. १९९० च्या दशकाच्या शेवटी त्यावर किरणांचा मारा करून रेणूंच्या साखळ्या एकमेकींना बांधायला सुरुवात झाली. त्याला क्रॉसलिंक केलेलं म्हणतात. झीज इतकी उतरली की गोळा आता वर्षाला ०.०५ मिलिमीटरपेक्षा कमी आत जातो, आणि त्या पातळीखाली हाड विरघळणं जवळपास दिसत नाही. फुकट मात्र काही मिळालं नाही. साखळ्या बांधल्या की चिवटपणा घटतो. क्वेंच केलेला पार्ट कडक होतो पण टेम्पर केल्याशिवाय तुम्ही तो गिऱ्हाइकाला पाठवत नाही, तसंच. शिवाय किरणांनी तुटलेली रेणूंची मोकळी टोकं मागे राहतात, ती पुढं ऑक्सिजनशी जुळून द्रव्य ठिसूळ करतात. वितळवून ती टोकं संपवावीत तर ताकद आणखी कमी होते. न वितळवता नुसतं तापवावं तर टोकं थोडी उरतात. मग कुणीतरी व्हिटॅमिन ई मिसळलं. हो, गोळ्यांत मिळतं तेच. ते ऑक्सिडेशन रोखतं. तुमच्या कोटेशनमधली वाटी यापैकी कोणती हे विचाराच. तिथं नुसतं 'पॉली' लिहून भागत नाही.

हाडात जाणाऱ्या दांड्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत. सगळे गोळ्याचंच विचारतात. घट्ट मांडीच्या हाडाचा ताठपणा साधारण १५ ते २० गिगापास्कल, टायटॅनियम मिश्रधातूचा ११०, कोबाल्ट-क्रोमचा २०० च्या वर. ताठ दांडा आत बसला की भार तोच उचलतो आणि वरच्या हाडाला काम उरत नाही. तालीम सुटली की पैलवानाचं अंग उतरतं, तसं ते हाड विरळ होतं. मग हाडाइतकाच लवचीक दांडा का करू नये? केले होते. ते इतके वाकायचे की हाडाशी जोड धरेना, सैल झाले. खडबडीत दांड्यावर हाड चढून धरायचं तर दोघांमधली हालचाल साधारण ५० मायक्रॉनच्या आत हवी. १५० च्या वर गेली की हाडाऐवजी मऊ तंतूंचा थर येतो. म्हणून टायटॅनियम ही तडजोड आहे. मग गोळाही टायटॅनियमचाच का नाही? कारण ते घासण्यात भिकार आहे, ओरखडतं आणि काळी भुकटी सोडतं. दांडा एका द्रव्याचा, गोळा दुसऱ्याचा, मध्ये टेपर, म्हणजे निमुळता जोड, आणि टेपर म्हटला की तिथं बारीक थरथर आणि गंज. सिरॅमिकच्या गोळ्याखाली हा गंज धातूच्या गोळ्यापेक्षा कमी होतो. माझा कल सिरॅमिकच्या गोळ्याकडे आहे तो निम्मा या कारणासाठी.

म्हणजे तुमच्या तीनपैकी माझं मत मधल्या कोटेशनला: सिरॅमिकचा गोळा, क्रॉसलिंक पॉलिथिलीनची वाटी, सिमेंटशिवायचा टायटॅनियम दांडा. मुलगा म्हणतो त्या महागड्या जोडीत झीज आणखी कमी आहे हे खरं. पण मी तुमच्या जागी असते तर 'कशाची झीज कमी' याआधी 'बिघडलंच तर काय बदलावं लागेल' हे विचारलं असतं. मधल्या जोडीत वाटीचं अस्तर झिजलं तर बहुतेकदा अस्तर आणि गोळा बदलून काम भागतं, हाडात रुजलेले भाग जागेवर राहतात. तुमचे डॉक्टर सिरॅमिक-सिरॅमिक वर्षानुवर्षं बसवत असतील आणि त्यांचं कारण ते नीट सांगत असतील, तर माझ्या मताला धरून बसू नका. हाताची सवय ही फार मोठी गोष्ट असते. तुम्हीही चांगल्या मोल्डरला सवयीचं सँड बदलायला लावत नाही.

'मरेपर्यंत' या शब्दाचं काय करायचं? २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या नोंदींवरून हिशेब आला होता: खुब्याचे १०० पैकी सुमारे ५८ सांधे २५ वर्षं टिकलेले. ते सांधे अर्थातच जुन्या द्रव्यांचे. नवी द्रव्यं बरी ठरतील असं वाटायला जागा आहे, पण त्यांची २५ वर्षं आत्ता कुठं भरत आलीत. तुम्ही ५३ चे. एकदा दुरुस्ती लागू शकते असं धरूनच चाला.

वहिनींच्या 'थांबू'ला दोन उत्तरं आहेत. पुढं येणारं नवं द्रव्य तुमच्या खुब्यात जाईल तेव्हा त्याच्या मागे एकाही वर्षाचा अनुभव नसेल. धातूवर धातूही एकेकाळी नवंच होतं. दुसरं, किती थांबायचं ते दुखणं आणि झोप यांवर ठरवा. रात्री कूस बदलताना जाग येत असेल, चप्पल घालायला दुसरा माणूस लागत असेल, तर थांबण्यात मांडीचे स्नायू जातात आणि कमरेचं नवं दुखणं मागे लागतं. गोळ्या न घेता दिवस निघत असेल तर मात्र घाई करायची गरज नाही. ए.व्ही.एन.मध्ये चेपलेला बॉल काही परत गोल होत नाही, हे दोघांनीही धरून चालावं.

डॉक्टरांकडे पुन्हा जाल तेव्हा कागद घेऊन जा. हेड (गोळा), लायनर (वाटीचं अस्तर), कप (बाहेरची वाटी), स्टेम (दांडा) यांची नावं आणि किमती वेगवेगळ्या मागा. त्या स्टेमला आणि कपला ओडेपचं रेटिंग आहे का ते विचारा. ही ब्रिटनमधली समिती आहे, तिच्या '१० ए' किंवा '१५ ए' मधला आकडा म्हणजे किती वर्षांचा पुरावा तपासलाय ते. गोळा केवढा बसेल? चार्न्लीचा २२ मिलिमीटरचा होता, झीज कमी पण निखळायला सोपा. आता ३२ किंवा ३६ चालतो. मोठा गोळा सहसा निखळत नाही, पण त्याच वाटीत अस्तर पातळ होतं, तेव्हा अस्तराची जाडी किती उरते हेही विचारा. हाच सांधा ते वर्षाला किती बसवतात हे विचारायला लाजू नका. चांगला सर्जन रागावत नाही.

आणि या सगळ्याच्या आधी एक काम. स्टिरॉइडनं झालेला ए.व्ही.एन. बऱ्याचदा दोन्ही खुब्यांत असतो. तुमच्या पत्रात डाव्या खुब्याचा उल्लेखच नाही. एमआरआयमध्ये दोन्ही बाजू आल्यात का ते बघा, नसतील तर काढून घ्या. डावा बॉल अजून चेपला नसेल तर त्याला वाचवायचे उपाय असतात, आणि ते वेळेवर केले तरच.

ऑपरेशन झाल्यावर इस्पितळातून निघताना सांध्याच्या डब्यांवरचे स्टिकर मागून घ्या, त्यावर लॉट नंबर असतो. मला माझ्या वेळी दिले नव्हते. दोन हेलपाटे घातल्यावर फाइलमधल्यांची झेरॉक्स मिळाली, तीही अर्धी काळी. हीट नंबर नसलेलं कास्टिंग तुम्ही गेटमधून बाहेर सोडत नाही, मग स्वतः तसे बाहेर पडू नका.

मांडी. पाठीमागून ऑपरेशन केलं असेल तर गुडघा पोटाकडे आणून पाय आत वळवणं सगळ्यांत धोक्याचं. मांडीत पाय बाहेर वळतो, म्हणून अनेक डॉक्टर काही महिन्यांनी ती घालू देतात. पुढून केलं असेल तर नियम वेगळे. उकिडवं बसणं मात्र मी सोडलंय, आणि पंगतीत मला खुर्ची मिळते, त्याचं आता कुणाला काही वाटत नाही.

जोतिबाला मी दरवर्षी जाते. पायऱ्या चढून खुबा बिघडत नाही. पण नुसता पाय अडखळला, तोल सावरला, तरी त्या क्षणी खुब्यावर शरीराच्या सुमारे आठपट भार येतो, असं सांध्यात सेन्सर बसवून मोजलेलं आहे. तेव्हा चैत्र यात्रेला, पायऱ्यांवर गुलालाचा थर आणि सासनकाठ्यांची रेटारेटी असताना नको. पौष महिन्यात एखाद्या साध्या वारी सकाळी लवकर जा, कठड्याला धरून चढा, आणि उतरताना आधी ऑपरेशन झालेला पाय खाली टाका.